शेजारचा समुद्र, आमचा लसूण

लसणाच्या बाबतीत मनुष्यजातीचे दोनच पक्ष आहेत. एक पक्ष लसणाशिवाय जेवत नाही, दुसरा लसूण असला तर जेवत नाही. आम्ही नागपूरकर पिढीजात पहिल्या पक्षाचे. पाटोडीच्या रश्श्यात लसणाचा हात जरा आखडला, तर पाहुणा विचारतो, "घरात कोणी आजारी आहे काय?" पण या दोन पक्षांखेरीज एक तिसरा पक्ष आहे आणि तो समुद्रात राहतो, हे ज्ञान मला लकडगंजात झाले.

लकडगंज म्हणजे लाकडाचे टाल आणि आरामशिनी. इथे भुशाला तोटा नाही. समुद्र मात्र रेल्वेने शेकडो किलोमीटर लांब. तरीही आमच्या शेजारच्या शेठजींनी तो दिवाणखान्यात आणून बसवला. दोनशे लिटरची काचेची टाकी! समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. म्हणजे शेठजींच्या समुद्राला सात किलो मीठ लागले. तेही आपल्या बरणीतले चालत नाही. समुद्रातले बाकीचे क्षार घातलेले खास मीठ आणावे लागते. उन्हाळ्यात हे पाणी भराभर आटते, पण मीठ जागेवरच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मी बँकेतला माणूस असल्याने मला हे लगेच समजले. व्याज उडून जाते, मुद्दल बुडाशी राहते! नागपूरचा पारा 45 वर गेला तरी माशांना पाणी 25-26 अंशांचेच लागते. त्यामुळे मे महिन्यात त्यांना गारव्याचे यंत्र आणि आम्हाला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, अशी व्यवस्था आहे.

टाकीत दोन मासे संत्र्याच्या रंगाचे. नागपुरात दुसरा रंग शोभलाही नसता. इंग्रजीत त्यांना विदूषक म्हणतात, त्यामुळे मला त्यांच्याविषयी व्यवसायबंधूंसारखा जिव्हाळा. मग एक निळा मासा आला आणि आठवड्याभरात तिघांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठले. तिघांनी अन्न सोडले.

त्या रात्री शेठजींचा मुलगा दारात उभा. "काकू, लसणाच्या दोन पाकळ्या भेटतील का?"

आमची सौ. थक्क झाली. त्या घरात तीन पिढ्यांत कांदा-लसूण शिरलेला नाही. "काऊन रे बाप्पा? कोणी बाटलं की काय?"

"नाही काकू. मासे जेवत नाहीत."

दुकानदाराने सांगितलेला विधी असा. पाकळी ठेचायची. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि त्यातून ॲलिसिन नावाचा उग्र पदार्थ तयार होतो. शिजवली की हा कारभार थांबतो, म्हणून फोडणी वर्ज्य. रसाचे चार थेंब कोळंबीच्या बारीक तुकड्यांवर टाकायचे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे आणि मग माशांपुढे ठेवायचे. रस थेट टाकीत ओतायचा नाही, पाणी बिघडते. आता कोळंबीला लसूण लावून ठेवणे ही आमच्याकडे पाककृती आहे. शेजारी ते औषध झाले.

प्रश्न होता तो शेठजींच्या आईचा. कोळंबी नातवाने गॅलरीतल्या जुन्या फ्रीजमध्ये लपवली होती, पण लसणाचा वास कसा लपणार? बा बाहेर आल्या. सगळे गप्प. बांनी गोष्ट सांगितली. समुद्रमंथनातले अमृत राहूने चोरून प्यायले, विष्णूने त्याचा गळा कापला, आणि जे थेंब जमिनीवर सांडले त्याचा लसूण झाला. राहूचा म्हणून खायचा नाही, अमृताचा म्हणून औषधाला चालतो. "समुद्रातून निघालं ते समुद्राला परत द्या. पण वाटी-चमचा गॅलरीतच राहील."

तिसऱ्या दिवशी निळा मासा जेवला. एक विदूषकही तोंड लावू लागला. पाचव्या दिवशी ठिपके गेले आणि दुकानदारासह साऱ्या मोहल्ल्याने लसणाचा जयजयकार केला.

दुसऱ्या आठवड्यात ठिपके दुपटीने परतले.

आमच्या शाखेत तपासनीस येतात, चार दिवसांनी जातात आणि मॅनेजर म्हणतो, मी दिलेल्या जेवणाचा गुण. प्रत्यक्षात त्यांचा मुक्कामच तेवढा असतो! या रोगाच्या परजीवीचेही तसेच आहे. तो तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग आपणहून सुटून तळाशी कोषात बसतो, आणि त्या कोषातून शेकडो पिल्ले मासा शोधत निघतात. ठिपके जातात ते त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे. श्रेय मिळते लसणाला. खरा उपाय म्हणजे मासे वेगळ्या टाकीत नेऊन मोजून-मापून तांब्याचे औषध देणे आणि मोठी टाकी कित्येक आठवडे माशांविना ठेवणे, म्हणजे पिल्ले उपाशी मरतात. वेगळी टाकी अशासाठी, की तांबे प्रवाळ-शंखांना मारक.

शेठजींनी ते सारे केले. जो विदूषक लसणालाही हलला नव्हता, तो वाचला नाही. बाकीचे दोघे, जे खात होते, तांब्याचा तो कडक मुक्काम सोसून परत आले.

माझ्या खातेवहीत म्हणूनच लसणाच्या नावे रोगमुक्ती जमा नाही. जमा आहे ती फक्त भूक. तीसुद्धा बऱ्याच हौशी लोकांच्या अनुभवावरून, पक्क्या पावतीवरून नव्हे. पण आजारी जिवाच्या पोटात दोन घास जाणे ही लहान रक्कम नाही. औषध लागू पडेपर्यंत जीव तगून राहावा लागतो, हे ज्याने घरात कुणाच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन रात्र काढली आहे, त्याला सांगावे लागत नाही. बा तेवढेच विचारायच्या, "खाल्लं का आज?"

अजूनही अधूनमधून गॅलरीतून वाटी येते. लसूण हा शब्द कोणी उच्चारत नाही. "काकू, औषध" एवढेच. वाटी भरून जाते आणि ताटली भरून ढोकळा येतो. 2024 मध्ये लसूण किलोला चारशे रुपयांपर्यंत चढला होता. तो भाव टिकला असता, तर हिने ढोकळ्याचे तुकडे मोजून घेतले असते.