ठिपके मोजताना

कर्करोगावरची लस टोचल्यावर रुग्णाच्या रक्तात काय घडलं, हे पाहण्याचं आमचं जुनं साधन म्हणजे एलिस्पॉट. रक्तातल्या पांढऱ्या पेशी लसीतल्या प्रथिनाच्या तुकड्यांसोबत रात्रभर ठेवायच्या; ज्या टी पेशी ते तुकडे ओळखतात त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात आणि तळच्या पडद्यावर प्रत्येकीच्या जागी एक ठिपका उमटतो. मोजणं अवघड नाही, अर्थ लावणं अवघड आहे. लसीआधीचं रक्त सोबत तपासलेलं नसेल, तर वाढ झाली म्हणायला आधारच उरत नाही. पेशी आधी दहा-बारा दिवस वाढवून मोजल्या तर ठिपके भरघोस येतात. पण त्यातलं लसीचं किती आणि आमच्या इनक्युबेटरचं किती, हे कोण सांगणार? रक्त प्रयोगशाळेत पोचायला दिवस लागला तर आकडा घसरतो आणि दोष मात्र लसीच्या माथी बसतो.

मग हे मोजायचंच कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी 2004 मध्ये कर्करोगाची लस दिलेल्या 440 रुग्णांचा हिशेब मांडला: गाठी लक्षणीय आक्रसण्याचं प्रमाण अवघं 2.6 टक्के. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवलं, की मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात हव्या त्या टी पेशी विपुल होत्या, तरी गाठी वाढतच राहिल्या. मला यातून उलटंच दिसतं. मोजलं नसतं तर लस कुचकामी ठरवून विषय संपला असता. मोजल्यामुळेच कळलं की टी पेशी तयार झाल्या होत्या, घोडं अडलं ते त्यापुढे.

2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातून स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या एमआरएनए लसीचा अहवाल आला. शस्त्रक्रिया झालेल्या 16 रुग्णांपैकी 8 जणांत टी पेशींचा प्रतिसाद दिसला. त्या आठांपैकी रोग उलटलेले दीड वर्षाच्या सुमारास निम्मेही नव्हते. प्रतिसाद न दिसलेल्या आठांत मात्र तो 13.4 महिन्यांच्या मध्यकावर उलटला. प्रतिसाद देणारे आठ जण मुळातच ताकदीचे असतील, ही शंका रास्त होती. म्हणूनच संशोधकांनी कोविडच्या एमआरएनए लसीचा प्रतिसादही तपासला. तो दोन्ही गटांत सारखाच निघाला. तरीही रुग्ण 16 आणि तुलनेचा गट नाही, म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. आता यादृच्छिक चाचणी सुरू आहे. तिच्यात प्रतिसाद कशाला म्हणायचं, किती ठिपक्यांना आणि लसीआधीच्या किती पट वाढीला, हे निकाल उघडण्याआधी कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.