नातेपुत्याच्या दुकानातला दिव्यांचा रेडिओ

फलटणहून पंढरपूरच्या वाटेने निघालात की बरड मागे पडते, धर्मपुरीपाशी सातारा जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात नातेपुते येते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढात याच वाटेने जाते. नातेपुत्यास मुक्काम करून ती माळशिरसकडे निघते, आणि वाटेत सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होते. पलीकडे शिखर शिंगणापूरचा डोंगर. चैत्रात तिकडे कावडी निघतात. एका अंगाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी आणि ऊस, दुसऱ्या अंगाला माणदेशाचा उघडा माळ, असे शिवेवरचे हे गाव.

मी शेती खात्यातला माणूस. तुम्हांला वाटेल, नातेपुत्याविषयी लिहायला बसलो म्हणजे डाळिंबाच्या तेल्या रोगाविषयी सांगणार. ते आपण नेहमीच बोलतो. आज एका दुकानाविषयी सांगायचे आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही.

दुकान मोटार रिवाइंडिंगचे आहे. तसे दुकान तुम्ही सर्वांनी पाहिलेले असते. दाराशी जळालेल्या मोटारी, आडव्या पडलेल्या पाणबुडी मोटारी, काळ्या पडलेल्या तारेचा ढीग आणि वार्निशचा वास. मार्च-एप्रिलमध्ये उभे राहायला जागा नसते, कारण ऊस आणि डाळिंब मोटारीची वाट पाहत थांबत नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरची मोटार जळाली म्हणून मी तिथे गेलो होतो. संध्याकाळ झाली होती. मिस्त्री म्हणाले, "सायेब, आजचं काम संपलं. बसा, च्या घ्या." तेवढ्यात मागच्या खोलीतून भीमसेन जोशींचा अभंग ऐकू आला. आवाज मोठा नव्हता, पण भरलेला होता, जणू माणूस भिंतीपलीकडे बसून गातो आहे. मी उठून आत गेलो.

पत्र्याच्या त्या खोलीत फळीवर सहा-सात जुने लाकडी रेडिओ होते. मधोमध एक उघडा अँप्लिफायर, त्यावर काचेचे चार दिवे मंद नारिंगी जळत होते. शेजारी रेकॉर्डची तबकडी फिरत होती. लाउडस्पीकरची पेटी पडक्या वाड्याच्या सागवानी फळ्यांची. अँप्लिफायर मिस्त्रींनी स्वतः बांधलेला.

"हे दिवे म्हणजे व्हॉल्व्ह," ते म्हणाले. "तुमच्या मोटारीच्या फुटबॉलचा भाऊच की!"

फुटबॉल म्हणजे फुटव्हॉल्व्ह, हे तुम्हांला सांगायला नको. विहिरीतले पाणी तो वर येऊ देतो, खाली परत जाऊ देत नाही. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या निर्वात नळीत विजेसाठी अगदी हेच साधले. नळीतला एक भाग तापला की त्यातून विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. उलटे येऊ शकत नाहीत. म्हणून त्याने त्या नळीला व्हॉल्व्ह हेच नाव दिले. पुढे १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने मधे तारेची एक जाळी बसवली, आणि खरी करामत इथे झाली. रात्री आपण उसाला दारं धरतो तेव्हा काय करतो? खोऱ्याभर माती इकडची तिकडे केली की पाटाचे सगळे पाणी वळते. जोर पाण्याचा असतो, आपण फक्त वाट देतो. जाळीचे काम असेच. रेडिओत आलेला अगदी क्षीण आवाज जाळीवर हलतो आणि त्याच्या तालावर मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. क्षीण आवाज मोठा होतो तो असा.

बीएस्सी ॲग्री झालो तरी हे मला इतके सोपे करून कोणी सांगितले नव्हते. मोटारीचे मिस्त्री ते सहज सांगत होते, कारण त्यांनी ते हाताने केले होते.

मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांचे असताना ते काही महिने खडी फोडत होते. त्यातून सुटून एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली राहिले. त्या काळी घरात रेडिओ असणे मानाचे होते. त्याचा परवाना पोस्टातून दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातही व्हॉल्व्ह तयार होत. पण बदल सुरू झालेला होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता, आणि सत्तरच्या दशकात स्वस्त ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोचले. बांधावरच्या बाभळीला रेडिओ अडकवून माणसे खुरपणी करू लागली. दिव्यांच्या रेडिओचे काम संपत आले. त्याच सुमारास विहिरींवर विजेच्या मोटारी वाढल्या. मिस्त्री तारेच्या कामात तरबेज होतेच. ते रेडिओवरून मोटारीवर आले आणि मोटारीवर संसार केला. पण भंगारात निघालेले रेडिओ आणि लग्नामुंजीत वाजणारे जुने अँप्लिफायर ते गोळा करत राहिले.

या रेडिओशी माझ्या पेशाचेही नाते आहे. कॉलेजात विस्तार शिक्षणाच्या तासाला आम्हांला पुण्याचा प्रयोग शिकवत. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १५० खेड्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे काढली. अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न पुण्याला कळवत. कॅनडात १९४१ पासून चालू असलेल्या अशाच मंडळांवरून ही कल्पना घेतली होती. शेजारच्या आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचेच काम पाहत होते. आमच्या खात्याचा माणूस गावात जीपने पोचण्याआधी हा दिव्यांचा रेडिओ पोचला होता.

असाच एक रेडिओ माझ्या वडिलांनी घेतला होता. गुळाची पट्टी चांगली आली त्या वर्षी. त्यावर आईने विणलेला रुमाल असे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या झाल्या की वडील बैल सोडत आणि आम्ही शाळेला निघत असू. वडील गेल्यावर रेडिओ माळ्यावर गेला. भंगारवाला दोनदा मागून गेला, पण आईने दिला नाही.

मिस्त्रींची खोली पाहून आल्यावर मला उत्साह आला. पुढच्या रविवारी गावी गेलो, माळ्यावरून रेडिओ काढला, धूळ झटकली आणि सरळ प्लग लावला. थोडा वेळ दिवे लागले. मग आतून गुरगुर झाली, जळक्या मेणासारखा वास आला आणि धूर निघाला. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तेच मला फार लागले.

रेडिओ पोत्यात गुंडाळून नातेपुत्यास नेला. मिस्त्रींनी मागची फळी काढली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. "सायेब, तुमी गावोगाव सांगत फिरता, बंद पडलेली मोटार तपासल्याबिगर बटन दाबू नका. मग ह्ये वो काय?"

उत्तर नव्हते. तीस वर्षांत आतला मोठा कंडेन्सर निकामी झाला होता. वीज मिळताच तो शॉर्ट झाला आणि त्याने ट्रान्सफॉर्मर जाळला. तसा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही. पण जे हात मोटार भरतात त्यांना त्याचे भय नसते. मिस्त्रींनी जळालेली तार वेढा वेढा मोजत सोडवली. किती वेढे, कोणत्या जाडीची तार, कुठे कागद, हे वहीत लिहिले. मोटार सोडवताना लिहितात तसेच. मग नवी तार भरली, वार्निश केले आणि उन्हात वाळवले. मोटारींचा हंगाम असल्याने मला चार खेपा घालाव्या लागल्या. त्या चार खेपांत मी मिस्त्रींचा दिवस पाहिला.

सकाळी ते आधी खिलार गाय आणि तिचे खोंड पाहतात. मग दहा-बारा कागदी लिंबांची झाडे. पर्जन्यमापक नाही, पण सरळ उभ्या कडेचा डबा उघड्यावर ठेवून ते पाऊस मोजतात आणि वहीत मिलिमीटर लिहितात. कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्राने दगा दिला हे ती वही सांगते. या पर्जन्यछायेच्या मुलखात अशी वही घरोघरी असावी, असे मला खात्याचा माणूस म्हणून वाटते. दिवसभर मोटारी. अंधार पडला की अर्धा-पाऊण तास मागची खोली. त्या वेळी मोबाइल दुकानात ठेवतात. "लावून कामं करायची आन् मधीच ऐकायचं, ह्ये मला जमत न्हाई," म्हणतात. पालखी मुक्कामी असते त्या रात्री मात्र खोलीचे दार उघडे असते. वारकरी येऊन टेकतात, एखादी रेकॉर्ड ऐकतात, पाणी पितात आणि जातात.

जगात या दिव्यांचे शौकीन अजून आहेत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही व्हॉल्व्ह तयार होतात, आणि त्यांवरचे अँप्लिफायर लाखो रुपयांना विकले जातात. मिस्त्रींना हे ठाऊक आहे. ट्रान्झिस्टरचा आवाज वाईट असे ते म्हणत नाहीत. एवढेच म्हणतात, "ह्याचं समदं डोळ्यांनी दिसतंय. काय बिघडलं ते सापडतंय." मला ते पटले. जी वस्तू उघडून पाहता येते, तिच्यावर आपली मालकी राहते. उघडताच येत नाही अशी वस्तू बंद पडली की आपण दुकानदाराच्या दयेवर. हे रेडिओला लागू आहे आणि शेतातल्या अवजारांनाही.

मी विचारले, "मिस्त्री, हे काम शिकायला कोणी येते का?" म्हणाले, "मोटारीचं शिकाय दोघं येत्यात. ह्ये बघत्यात आन् हासत्यात." थोडे थांबून म्हणाले, "वही हाय. कुणाला लागली तर असू दे."

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. तुमच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर माझ्यासारखा प्लग लावू नका. आत २५० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहतो. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतल्या लोखंडी पत्र्यातच वीज उतरू शकते. मुलांना हात लावू देऊ नका. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत चंदेरी डाग दिसला तर तो ठीक असण्याची आशा धरा. डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. जाणत्या माणसाला दाखवा. तो आधी जुने कंडेन्सर बदलील आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावील. बल्ब प्रखर पेटला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. आणि भंगारवाल्याला वजनावर देण्यापूर्वी एकदा घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

पाचव्या खेपेला रेडिओ घेऊन मी गावी गेलो. मिस्त्रींनी बजावले होते की लावताना घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा, त्यांनी खरखर वाढते. तसे केले. अंधारात आई जवळ येऊन बसली. मी बटन फिरवले. काहीच झाले नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग काचेमागे मंद उजेड आला, खरखर सुरू झाली आणि हळूहळू माणसाचा आवाज वर आला.

आईने लाकडावर हात ठेवला. ऊब लागली तशी म्हणाली, "आजूनबी तेवढाच येळ लावतोय."

नातेपुत्यावरून जाल तेव्हा मोटार जळालेली नसली तरी दुकानात डोकावा. संध्याकाळी जा. मिस्त्री चहा देतील आणि थोडा वेळ गप्प बसायला सांगतील.