कधी बदलली?

रात्री साडेनऊला ऑफिसातल्या मुलाचा फोन आला. साइट बंद पडली होती, डेटाबेसशी जोडलीच जात नव्हती. "सर, आम्ही कशालाच हात लावलेला नाही." सातपर्यंत सगळं सुरळीत होतं. साइट जुनी, ती उभी करणारे केव्हाच नोकरी सोडून गेलेले. कुठली फाइल कुठे आहे हे सांगणारं कुणी नाही.

नाव माहीत नसलं की नवखी माणसं हातपाय गाळतात. मी मात्र नाव सगळ्यात शेवटी विचारतो. फाइलीला वेळ असते, आकार असतो, मालक असतो, आणि फाइंड ही कमांड या सगळ्यांवरून शोधून देते.

म्हटलं, "लिही. फाइंड, मग साइटच्या फोल्डरचा पाथ, डॅश टाइप एफ, डॅश एममिन, मायनस 180." म्हणजे गेल्या तीन तासांत मजकूर बदललेल्या फाइली. यादीत नुसते लॉग आणि कॅशे.

"आता एममिनच्या जागी सीमिन कर."

यादी वाढली. नव्याने आलेल्यांत एक फाइल कॉन्फिगची. तिच्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, म्हणून पहिल्या जाळ्यातून ती निसटली होती. कुणीतरी एक फोटो परत आणायला जुना बॅकअप टारने उलगडला होता आणि त्याबरोबर जुनी कॉन्फिगही येऊन बसली होती. टार मजकुराची जुनी वेळ जशीच्या तशी ठेवतो. सीमिन बघतो तो सीटाइम मात्र कर्नल स्वतः नोंदवतो, टच कमांडने तो मागे नेता येत नाही. पुष्कळजण त्यातल्या 'सी'चा अर्थ क्रिएशन असा लावतात. तो आहे चेंज: फाइलीची नोंद शेवटची कधी बदलली. हा एक फरक नीट कळला तर रात्रीची झोप वाचते.

पुढचं काम ग्रेपचं. मजकुरात 'होस्ट' शोधलं, तर समोर कधीच बंद केलेल्या डेटाबेस सर्व्हरचा पत्ता. तो बदलला आणि साइट उठली.

मुलगा खूश झाला. म्हणाला, "सर, उलगडलेल्या बॅकअपच्या टीएमपी फाइलीही पडल्यात, फाइंडनेच उडवतो." मी त्याला थांबवलं, टाइप केलेली ओळ वाचून दाखवायला लावली. डॅश डिलीट आधी होतं, डॅश नेम नंतर.

फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. डिलीट आधी आलं तर नावाची अट बघायच्या आधीच फाइल गेलेली असते, आणि मग त्या फोल्डरात काहीच उरत नाही. म्हणून आधी डिलीटशिवाय ओळ चालवा, आलेली यादी शेवटपर्यंत वाचा, आणि मगच तीच ओळ परत आणून तिच्या अगदी शेवटी डॅश डिलीट जोडा.