अस्सल बरहुकूम

तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षे जुन्या दप्तरांच्या नकला करून, त्या मुळाशी ताडून आणि तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून ज्याची उपजीविका झाली, त्या माणसाने निवृत्तीनंतर कोंबड्यांच्या कुळकथेत रमावे, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटते. परंतु कोंबडी माझ्या आयुष्यात कचेरीच्या कितीतरी आधी आलेली आहे, आणि अस्सल कोणते व नक्कल कोणती, या प्रश्नाने मला दप्तरखान्यापेक्षा खुराड्यातच अधिक छळले आहे.

आमचे घर कुडाळ तालुक्यातले. त्या काळी तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. वड्यांबरोबर रांधायचा असो वा देवाच्या राखणीला द्यायचा असो, कोंबडा निवडण्याचा अखत्यार आजीचा. पाखरे काळोखात शांत असतात म्हणून ती रात्रीच खुराड्यात हात घाली, कोंबड्याच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवी आणि मग कंदिलाच्या उजेडात त्याचे पाय न्याहाळी. मी पिसांच्या तांबड्या-सोनेरी झळाळीला भुललेला, ती म्हणे, “पायांक बघ, पिसांक काय बघतंस?” पाय जाड आणि हळदीसारखे पिवळे हवेत, हा तिचा दंडक. मात्र सर्वांत उत्तम पायांचा कोंबडा ती कधीच कापू देत नसे. तो पुढच्या पिढीसाठी राहायचा आणि पाहुण्यांच्या पानात दुसऱ्या क्रमांकाचा पडायचा. गावठी कोंबडी बारा अंड्यांवर एकवीस दिवस खुडूक बसे, दहाएक पिले काढी, त्यांतून घार आणि मुंगूस आपापली जकात वसूल करीत, आणि उरलेल्या चार-पाचांना सव्वा किलोचे होण्यास सहा महिने लागत. हिशेबाने पाहिले तर आतबट्ट्याचा व्यवहार. पण घरात तो हिशेब कोणी मांडत नसे.

वडिलांनी तो मांडला. सरकारी कुक्कुटपालनाच्या वाऱ्यावर त्यांनी ऱ्होड आयलंड रेड जातीचे दोन कोंबडे आणले, आणि वर्षभरात अंगणातील पिल्लावळ अंगापिंडाने भरलेली व रंगाने तांबूस दिसू लागली. पुढच्या चैत्रात मानमोडी आली. आठ दिवसांत माना पिळवटून, चक्राकार फिरत, देशी-विलायती सारी पाखरे एका रांगेने गेली. या रोगाचे दप्तरी नाव ‘राणीखेत’. कुमाऊँमधल्या त्या रम्य गिरिस्थानाच्या वाट्याला ही कीर्ती यावी, याचे मला अजूनही वाईट वाटते.

निवृत्तीनंतर वडिलोपार्जित वीस गुंठ्यांत मी पन्नास ब्रॉयलर पिले आणली, तेव्हा माझ्या डोक्यात वडिलांचाच हिशेब होता. भाताच्या तुसाची गादी, वर विजेचे दिवे, पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश उष्णता आणि पुढे ती क्रमाक्रमाने उतरवीत नेणे, पाचव्या-सहाव्या दिवशी डोळ्यांत लासोटा लसीचा थेंब. सगळे एखाद्या अव्वल कारकुनाच्या काटेकोरपणाने केले. सहा आठवड्यांत पाखरू दोन किलोचे झाले. परंतु त्या पाखराला सावलीचा आणि घारीचा भेद कळत नव्हता. ते खाद्याच्या भांड्यापाशी बसूनच खाई, आणि वैशाखातल्या एका दुपारी वारा पडला तेव्हा चोच वासून धापा टाकत त्यांतली अकरा माझ्या डोळ्यांदेखत गेली. एक कोंबडा मी हौसेने दिवाळीपर्यंत ठेवू पाहिला. दहाव्या आठवड्यात स्वतःच्या वजनाखाली त्याचे पाय दुमडले. आजीने पाहिले असते तर ती काय म्हणाली असती, ते सांगायला नको. शिवाय हे पाखरू चार वेगवेगळ्या वंशरेषांच्या संकरातून सिद्ध झालेले, त्यामुळे त्याच्या पोटी त्याच्यासारखे पाखरू निपजत नाही. दर खेपेस नवी पिले विकतच घ्यावी लागतात. माझ्या हाती आली होती ती निखालस नक्कल, जिच्यावरून पुढे नक्कल निघत नाही आणि जिचे अस्सल कंपनीच्या दप्तरात कुलूपबंद असते.

बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराज या मधल्या मार्गाच्या जातीही ठेवून पाहिल्या. अडीच-तीन महिन्यांत दीड किलो, अंगणात चरण्याची सवय, रस्सा चवदार. तक्रार म्हणावी तर एवढीच की त्यांच्या कोंबड्या अंडी घालून निघून जात, बसत नसत, आणि पुढच्या पिढीत त्यांचे हे चांगले गुण पातळ होत.

याच सुमारास वाचनात एक गोष्ट आली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात हिंदुस्थानातल्या असील या झुंजीच्या कोंबड्यापासून एक रुंद छातीची जात तयार करण्यात आली. तिचे नावच मुळी ‘इंडियन गेम’. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ शोधण्यासाठी भरलेल्या स्पर्धेत जो संकर पहिला आला त्यात हेच कॉर्निश रक्त होते, आणि आजच्या ब्रॉयलरची छाती त्याच घराण्याची. म्हणजे ज्याला मी नक्कल म्हणून हिणवले, त्याच्या वंशावळीत आपल्याकडचा असील बसलेला; आणि असील व अस्सल हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे! पुढे असेही कळले की कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग तिच्या मूळ पुरुषाकडून, तांबड्या रानकोंबड्याकडून, आलेलाच नाही. तो आला राखी रानकोंबड्याकडून, जो पहाटे आमच्या घरामागच्या डोंगरात आरवतो. आजी ज्यावरून गावठीची पारख करी, ती खूण बाजारातल्या पांढऱ्या ब्रॉयलरच्या पायांवरही आहे. हे वाचल्यावर बराच वेळ मी पुस्तक मांडीवर पालथे घालून बसलो होतो.

आता माझ्याकडे सात गावठी तलंगा आणि आंध्रातून एका स्नेह्याने आणलेला, उंच मानेचा, भांडखोर असील कोंबडा आहे. मागे पशुगणनेचा तरुण आला. “आजोबा, जात कोणती लिहू?” असे त्याने विचारले, तेव्हा तीस वर्षे इतरांचे रकाने तपासणारा मी निरुत्तर झालो, अखेर त्यानेच ‘गावठी’ ठरवले. मग संख्या. तिन्हीसांजेला मूठभर तांदूळ टाकून मी हाक घातली, दोनदा मोजले. दोन्ही वेळा तलंगा सहाच भरल्या. मुंगसाने नेली असेल, असे म्हणून त्याने सहा लिहिले व तो गेला. चौथ्या दिवशी गवताच्या उडवीमागे मी काठी शोधायला गेलो, तर सातवी तिथे पिसे फुलवून खुडूक बसलेली. पोटाखाली अंडी किती, हे पाहायला हात पुढे केला तशी तिने तो रक्त येईतो टोचला.