नाव काठाला लागताना

गेवराई मागे पडली की राक्षसभुवनच्या रस्त्याला दोन्ही अंगांना ऊस आणि कपाशी लागते. लोक इथे शनिमहाराजांच्या दर्शनाला येतात. दर्शन मीही घेतलं, पण माझी ओढ होती ती गंगेवरच्या, म्हणजे इथल्या गोदावरीवरच्या नावेची. पावसाळा नुकताच सरला होता आणि पाणी गढूळ, पण ओसरलेलं होतं.

मासे धरणाऱ्या एका मामांनी पलीकडे जालना जिल्ह्याच्या काठाला नेऊन परत आणायचं कबूल केलं. जाताना काही विशेष घडलं नाही. मधल्या पात्रात वारा होता, वल्ह्याचा एकसारखा आवाज होता, बस. खरं बघण्यासारखं होतं ते परतीला, बीडच्या काठाला लागताना.

मामांनी नाव उतरायच्या जागेकडे नेलीच नाही. तिच्या बऱ्याच वर, पश्चिमेला नेम धरला. धार पूर्वेला ओढत होती, नाव तिरपी सरकत होती. काठ जवळ येताच त्यांनी नावेचं तोंड धारेकडे फिरवलं, वल्हं टाकून बांबू घेतला आणि तळात रोवला. काठाच्या एका पुढे आलेल्या कोपऱ्याआड पाणी संथ होतं. नाव हळूच तिथे शिरली आणि चिखलात टेकली. मी उठायला लागलो तसे मामा ओरडले, "बसा भाऊ! दोरी बांधू द्या, मंग उठा. अन् खालच्या अंगाला उतरू नका, नाव अंगावर येती."

हाच नियम मी तारकर्लीच्या समुद्रात, कयाक शिकताना ऐकला होता. तिथे धार नसते, फुटणाऱ्या लाटा असतात. लाटा झुंडीने येतात, म्हणून फेसाच्या अलीकडे, खोल पाण्यातच थांबून त्या निरखायच्या. मोठी झुंड सरली की शेवटच्या लाटेच्या पाठीमागून जोरात वल्हवत किनारा गाठायचा, लाटेच्या पुढ्यात सापडायचं नाही. कयाक आडवी झालीच तर अंग समुद्राकडे, येणाऱ्या लाटेवर झोकायचं. किनाऱ्याकडे कललं की उलटलीच. आणि उतरायचं तेही समुद्राच्या बाजूने. नाव आणि किनारा यांच्यामध्ये उभ्या माणसाचे पाय पुढची लाट मोडू शकते. पाणी नावेला जिकडे ढकलतं, त्या बाजूला माणसाने असू नये. कोकणातलं आणि गंगाथडीचं शहाणपण इथे एकच आहे.

नदी ओलांडताना फौजेचं काय होतं, ते याच काठाने १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनच्या लढाईत पाहिलं. मराठ्यांशी लढणारा निजाम, निजामअली, पाणी उतरून उत्तर तीराला पोचला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिणेला, आजच्या बीडच्या बाजूला होता. अठरा वर्षांचे माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी त्याला तिथेच गाठलं. विठ्ठल सुंदर पडला. मध्ये गंगा दुथडी भरलेली, निजामाला पलीकडून काहीच करता आलं नाही. मराठ्यांच्या मोठ्या विजयांपैकी हा एक, पण पानिपत जसं घरोघर माहीत आहे तसं राक्षसभुवन नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मामा दोरी सोडून पुन्हा निघाले. नावेत लाइफ जॅकेट एकही नव्हतं. त्यांच्या हातावर माझा पूर्ण भरवसा आहे, तरी हे बरं नाही. वर पैठणला जायकवाडी धरणाचे २७ दरवाजे आहेत. ते उघडले की इथलं पाणी चढतं, आणि धार जोर धरली की ओळखीचा काठही ओळखीचा राहत नाही.

राक्षसभुवनला जरूर या, दिवाळीच्या आगेमागे या. नावेत बसण्याआधी धरणातून पाणी सोडलंय का, ते गावात विचारा, जॅकेट स्वतःचं आणा, आणि नावाडी सांगेपर्यंत जागेवरून उठू नका.