कॅलेंडरमागचा पत्ता

काका गेल्यावर सात महिने सनचं मशीन बंदच होतं. पोळ्याला आदिलाबादला गेलो तेव्हा मी वायर लावली. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं उमटली. पत्त्याच्या जागी नुसते एफ, बाराच्या बारा. मशीन आपली ओळखच विसरलं होतं.

सन अल्ट्रा ५, एक जुना संगणक. काकांनी ते हैदराबादच्या भंगारातून आणलं होतं. पुण्याच्या सी-डॅकनं १९९८ साली परम १०००० हा महासंगणक बांधला, त्यात याच अल्ट्रास्पार्क घराण्याचे प्रोसेसर होते. हे ते रेडिओ दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगत.

मॉनिटरसकट ते दोनशे वॉटच्या आसपास खायचं, म्हणजे पाच तासांत एक युनिट. २०२४ पासून दोनशे युनिटांपर्यंत शून्य बिल येऊ लागलं. वर गेलं की सगळं भरायचं. काकू मीटर बघून यायची. ‘‘एकशे नव्वद झाले हो. रीडिंगवाला येईपर्यंत त्याला हात लावू नका.’’ मग काका खोलीतला पंखा बंद करून मशीन लावत. एप्रिलात, आदिलाबादच्या उन्हाळ्यात! लोक त्याला वेड म्हणत. मला ते प्रेमच वाटत आलं.

या मशीनची वेळ आणि नेटवर्कचा पत्ता एका चिपमध्ये राहतो. बॅटरी तिच्याच पोटात, प्लास्टिकमध्ये बंद. ती संपली तेव्हा काकांनी कानशीनं प्लास्टिक घासलं, आतल्या टोकांना दोन वायरी झाळल्या आणि बाहेर बटणसेल बसवला. आता तोही संपला होता.

सेल मी बदलला. पण पत्ता? सुरुवातीचे ०८:००:२० सनच्या मशीनांना सारखेच. पुढच्या तीन जोड्या ज्याच्या त्याच्या. चिपवरचं लेबल कानशीखाली गेलेलं. काकूनं कपाटातून जुनं कालनिर्णय काढलं. एका पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली, काकांच्या अक्षरात त्या जोड्या होत्या. मी एकेक टाइप करत गेलो. एका ठिकाणी अडलो.

‘‘काकू, हा सहा आहे की बी?’’

‘‘सहा. त्यांचा सहा असाच ताठ असतो.’’

मशीन सुरू झालं. काकू पदरानं पडद्यावरची धूळ पुसत राहिली.

संध्याकाळच्या गाडीला निघताना मी ते बंद करायला गेलो.

‘‘राहू दे रात्रीपर्यंत,’’ ती म्हणाली. ‘‘आता युनिट उरतात.’’