नाव, विभाग आणि भाषा

‘वीप नॉट, चाइल्ड’ या कादंबरीची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव छापलंय जेम्स न्गुगी. केनियाचे हेच लेखक पुढे न्गुगी वा थिओंगो म्हणून जगाला माहीत झाले. हा ‘जेम्स’ कधी गळला, ते शोधायला गेलो आणि खरं नवल वाटलं ते घटनांच्या क्रमाचं. माझी समजूत होती की माणूस आधी नाव बदलतो, मग बाकीचं. इथे सुरुवात झाली ती विद्यापीठातल्या एका विभागापासून.

१९६८ साली नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग या तिघांनी एक टिपण सादर केलं. मागणी अशी की इंग्रजी विभागच बंद करा. शेक्सपिअरशी त्यांचं भांडण नव्हतं. मध्यभागी कोण बसणार, एवढाच सवाल होता. आफ्रिकेचं साहित्य आणि तिथल्या मौखिक कथा-गाणी मधोमध ठेवा, बाकीचं जग तिथून वाचा, असं ते सांगत होते. पुढे तिथे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला. एवढं धाडसी टिपण लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघं तेव्हा जेम्स आणि हेन्रीच होते.

नावाची पाळी आली १९७० साली. प्रेस्बिटेरियन चर्चच्या सभेत न्गुगींनी आपण ख्रिस्ती नसल्याचं सांगितलं. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ काठी उगारत उठले आणि त्यांनी विचारलं, मग जेम्स हे नाव कुणाचं? पुढे न्गुगींनी ते नाव सोडलं. त्या म्हाताऱ्यांना चर्चची बाजू राखायची होती. पण त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं वर्मावर.

भाषा सगळ्यात शेवटी आली आणि महागही तीच पडली. १९७७ साली न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही सत्ताधाऱ्यांवर कोरडे ओढणारी इंग्रजी कादंबरी निघाली. तिच्यामुळे ते तुरुंगात गेले नाहीत. त्याच वर्षी कामिरिथु गावातल्या शेतकरी-मजुरांनी स्वतः बांधलेल्या खुल्या रंगमंचावर त्यांचं गिकुयू या मातृभाषेतलं नाटक झालं. त्यावर बंदी आली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी लेखकाला अटक झाली. कामिटीच्या तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते जोमो केन्यात्ता. तेही एके काळी जॉनस्टन कमाऊ होते. बाप्तिस्म्याचं नाव त्यांनीही टाकलं होतं. म्हणजे नाव परत मिळवलेल्या एका माणसाच्या राजवटीत तसाच दुसरा माणूस विनाचौकशी कोठडीत होता. नामांतराचं निखळ कौतुक करताना मी इथे अडखळतो.

काँगोचे हुकूमशहा मोबुतू यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्यांनी १९७१ साली देशाचं नाव झाईर केलं, पुढच्या वर्षी नागरिकांच्या ख्रिस्ती नावांवर बंदी घातली, स्वतःचं जोसेफ-देझिरेही पुसलं. देश मात्र त्यांनी लुटला. १९९७ साली त्यांची सत्ता गेली आणि झाईर हे नावही गेलं.

म्हणून नाव बदलणं पोकळ ठरतं का? मला तसं वाटत नाही. झिंबाब्वेत सॉल्सबरीचं हरारे झालं, ते व्हायलाच हवं होतं. परक्या, ब्रिटिश पंतप्रधानाचं नाव राजधानीनं का वागवावं? पण फुकट मिळालेल्या नावाची राज्यकर्त्यांना भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती शेतमजूर आपल्या भाषेत नाटक करू लागतात तेव्हा. २०१५ साली केप टाउन विद्यापीठातून वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हलवला गेला, तेव्हा विद्यार्थी तेवढ्यावर थांबले नाहीत. अभ्यासक्रमही बदला, म्हणाले. नैरोबीच्या तिघांनी विचारलेलाच प्रश्न होता तो. पाटी बदलायला सरकारी आदेश पुरतो. अभ्यासक्रम बदलायचा तर शिक्षकांना आपलं शिकलेलंच पुन्हा तपासावं लागतं, आणि त्याला पिढी लागते.